चौदा नंबरचा शिक्का

पिरोश्काने मीटरच्या दोन्ही तारा नव्या मशिनच्या मागे टेकवल्या, कपाळावरचा चष्मा खाली ओढला आणि आकडा वाचला. दोन व्होल्ट. मग त्याच तारा जुन्या मशिनला लावल्या. दोनपेक्षा जरासं कमी. मागचं छोटं बटण तिने केसभर फिरवलं, थांबली, पुन्हा केसभर फिरवलं. दोन. तपासणीच्या सीडीवरचा तो एकसुरी आवाज हॉलभर भरून राहिला होता, आणि खुर्च्यांवरची आठ माणसं दाढ ठणकत असल्यासारखी तोंडं करून बसली होती.

"झालं का काकू?" डॉक्टर सिलार्दने विचारलं. तो दातांचा डॉक्टर. हॉलमधल्या निम्म्या लोकांच्या दाढा त्याच्याच हाताखालून गेलेल्या. "की यालाच संगीत म्हणायचं?"

"आधी दोघांचा आवाज सारखा. मग संगीत," पिरोश्का म्हणाली. "कारखान्यात हा पहिला नियम होता."

"झाला सुरू कारखाना!" डॉक्टर हसला. पण त्याने हात वर करून माघारही घेतली. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईशी रविवारी सकाळी, चर्चमधून आल्या आल्या वाद घालायची त्याची तयारी नव्हती.

भांडण होतं ते जागेचं. आमच्या तिसा नदीकाठच्या गावात सांस्कृतिक भवन एक, त्यात हॉल एक, आणि हॉलमधल्या कपाटात गाणी वाजवणारं मशीन ठेवायला खण एक. त्या खणात तेहतीस वर्षं गावच्याच कारखान्यात बनलेला सीडी प्लेअर बसला होता. करड्या पत्र्याचा, एका कोपऱ्याला पोचा आलेला. गावातली लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं, सगळी त्याने वाजवली. आता डॉक्टर म्हणत होता, मी माझं स्वतःचं मशीन भवनाला देतो, दर महिन्याला इथे नीट ऐकण्याची बैठक भरवू, पण ते पत्र्याचं खोकं तिथून हलवा. डॉक्टरचं मशीन चांदीच्या रंगाचं होतं, उचलायला दोन माणसं लागत, आणि त्याच्या किमतीत गावाबाहेर अंगणासकट घर आलं असतं.

"खोकं?" वेन्सेल कॉफीच्या दुकानात सगळ्यांसमोर उसळला होता. वेन्सेल म्हणजे कारखान्यातला जुना जोडारी. पिरोश्का जी मशिनं तपासायची, त्यांची बटणं तो बसवायचा. "डोळे झाकून ऐकलंस ना डॉक्टर, तर तुझं कुठलं आणि आमचं कुठलं, तुला कळायचं नाही!"

तिथेच पैज ठरली. पडद्याआड दोन्ही मशिनं ठेवायची. आठ जणांनी ऐकायचं, कुठलं चांगलं ते चिठ्ठीवर लिहायचं. आठातल्या पाचांनी जुनं निवडलं, तर ते खणात राहील. नाहीतर सोमवारी भंगाराची गाडी येणारच होती.

पिरोश्काने मीटर पिशवीत टाकलं. पिशवीत जर्दाळूच्या जॅमची एक बाटलीही होती, भवनाच्या संचालिकेसाठी आणलेली. बाटलीच्या कागदावर निळ्या शाईत गोल शिक्का, आणि शिक्क्यात आकडा चौदा. कारखाना बंद झाला त्या दिवशी कुणी खुर्ची उचलून नेली, कुणी टेलिफोन. पिरोश्काने आपला शिक्का तेवढा एप्रनच्या खिशात टाकला. तेव्हापासून तो जॅमच्या बाटल्यांवर चाले. त्याही सगळ्यांवर नाही. ज्या भट्टीचा जॅम तिच्या मनासारखा जमे, तेवढ्यांवरच. बिनशिक्क्याचा जॅम घरी खायचा, असा तिचा खाक्या होता.

"ऐका," तिने सगळ्यांना सांगितलं. "आवाज मी लावलाय, म्हणून मी मत देणार नाही. वेन्सेल पडद्यामागे बसेल आणि गाणं संपेपर्यंत कुणाला तोंड दाखवणार नाही. कुठलं मशीन आधी लावायचं ते तो नाणं उडवून ठरवेल. आणि ऐकताना कुणी बोलायचं नाही. खोकायचंही नाही."

"आणि श्वास?" मागून कुणीतरी विचारलं.

"हळू घ्या."

वेन्सेल पडदा सारून आत गेला. जाताना त्याने पिरोश्काकडे बघितलं नाही. ते तिच्या लक्षात आलं, पण त्या क्षणी तिने त्याचा काही अर्थ लावला नाही.

पहिल्या मशिनवर गाणं सुरू झालं. सिंबालोम वाद्याच्या तारांवर काठ्या पडल्या, मग एक बाई गायला लागली, खालच्या सुरात, शेजारणीशी बोलावं तशी. चार मिनिटांनी गाणं संपलं. मग तेच गाणं दुसऱ्या मशिनवर.

दुसऱ्यांदा सिंबालोमची पहिली काठी पडली आणि पिरोश्काच्या मानेवरची शीर ताठ झाली.

तिने आजूबाजूला पाहिलं. लोकांचे चेहरे फुलत होते. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक पुढे सरकून बसले. पोस्टातल्या बाईने डोळे मिटून घेतले. डॉक्टर सिलार्द तर हसत होता, स्वतःच्या मुलाचं कौतुक ऐकणाऱ्या बापासारखा, आणि मान डोलवत होता. पिरोश्काने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. ऐकताना बोलायचं नाही, हा नियम तिचाच होता.

गाणं संपलं. बोग्लार्काने, म्हणजे भवनाच्या संचालिकेने, चिठ्ठ्या गोळा केल्या. डॉक्टरला राहवेना.

"दुसरं!" तो उभाच राहिला. "अहो, यात काय तुलना आहे? दुसऱ्यात बाई समोर येऊन उभी राहते. तिचा श्वास ऐकू येतो! पहिल्यात तीच बाई, पण जणू काचेपलीकडे. मी काय म्हणत होतो इतके दिवस? ज्याला कान आहेत त्याला..."

"सात," बोग्लार्का म्हणाली. "सात जणांनी दुसरं लिहिलंय. एकाने पहिलं."

"वेन्सेल, पडदा!"

पडदा सरकला. वेन्सेल दोन्ही मशिनांच्या मधे उभा होता. त्याने हात उचलला आणि दुसरं म्हणून वाजलेल्या मशिनवर ठेवला. करड्या पत्र्याच्या, कोपऱ्याला पोचा आलेल्या मशिनवर.

मग मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली, आणि हॉलमध्ये जो गलका उसळला तो विचारू नका. आठातल्या पाच जणांनी कधी ना कधी कारखान्यात काम केलेलं. कुणी वेन्सेलच्या पाठीवर थापा मारल्या, पोस्टातली बाई रडायलाच लागली. तिची आई कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यावर तारा जोडायची. "आमचं ते! आमचं!" असं कुणीतरी ओरडत होतं. डॉक्टरचा चेहरा उतरला होता. तरी माणूस सभ्य, पुढे आला आणि म्हणाला, "ठरलं ते ठरलं. खण तुमचा. अभिनंदन, काकू."

पिरोश्का खुर्चीतून उठली नव्हती.

बावीस वर्षं ती एका काचेच्या खोलीत बसून हेच ऐकत आली होती. पट्ट्यावरून मशीन यायचं, ती हेडफोन कानाला लावायची, पास झालं तर झाकण बसायच्या आधी आतल्या पत्र्यावर चौदाचा शिक्का. नापास झालं तर परत. एकदा महिनाअखेरीला आकडा भरत नव्हता म्हणून खुद्द डायरेक्टर साहेब तीस मशिनं घेऊन तिच्या दारात आले होते. "मारा हो शिक्का, कोण बघतंय आत?" तिने शिक्का त्यांच्यापुढे सरकवला होता. "तुम्हीच मारा साहेब. फक्त त्यातला चौदा आधी खरवडून काढा." डायरेक्टर तीसच्या तीस मशिनं परत घेऊन गेले. ही गोष्ट गाव अजून सांगतं. पिरोश्का स्वतः कधी सांगत नाही, पण कुणी सांगत असलं तर उठून जातही नाही.

आता सगळं गाव खुशीत होतं आणि तिने फक्त गप्प बसायचं होतं. उद्याची गाडी रिकामी गेली असती. खणातलं मशीन खणात राहिलं असतं, आणि आजची गोष्ट डायरेक्टरच्या गोष्टीला जोडून पन्नास वर्षं सांगितली गेली असती.

"पुन्हा मोजायचंय," ती म्हणाली आणि पिशवीतून मीटर काढून उठली.

"आता कशाला?" वेन्सेल चटकन बोलला. "झालं ना आता! पिरोश, झालंय सगळं!"

"तपासणीची सीडी लाव, वेन्सेल."

त्याने लावली. पुन्हा तो एकसुरी आवाज. नवं मशीन, दोन व्होल्ट. जुनं मशीन. पिरोश्काने आकडा वाचला आणि मीटर उचलून बोग्लार्काच्या हातात दिलं, म्हणजे तिनेही वाचावा.

"दोन पूर्णांक एक," बोग्लार्काने वाचलं. "म्हणजे काय?"

"म्हणजे जुनं जरा मोठ्याने वाजत होतं. अगदी जरासं. मोठं आहे हे कुणाला कळत नाही एवढं. पण माणसाच्या कानाची खोड आहे, जे जरासं मोठं वाजतं ते त्याला चांगलं वाटतं. बाई समोर येऊन उभी राहते," तिने डॉक्टरकडे पाहिलं. "श्वास ऐकू येतो. हे पट्ट्यावर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोरीला मी पहिल्या दिवशी शिकवायचे."

पोरींनाच नाही, वेन्सेललाही तिनेच शिकवलं होतं. तो पडद्याच्या दोरीशी उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"बटण जुनं झालंय," पिरोश्का म्हणाली. आवाज अगदी सरळ. "सैल पडलं असेल. सरकलं आपोआप. हा निकाल धरता येणार नाही."

उभ्या आयुष्यात तिने खोटा शिक्का मारला नव्हता. हा तिचा पहिलाच. मशिनच्या नावावर मारला, वेन्सेलला वाचवायला.

हॉलमधून कुरकुर निघाली. पोस्टातल्या बाईने तर स्पष्टच विचारलं, "तुझं डोकं फिरलंय का पिरोश्का? जिंकलो होतो आपण!" पण तोपर्यंत पिरोश्काने बटण पुन्हा दोनवर आणलं होतं, आणि या वेळी पडद्यामागे बोग्लार्काला पाठवलं होतं. वेन्सेल पहिल्या रांगेत येऊन बसला, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवून, सगळ्यांना दिसतील असे.

तेच गाणं, दोनदा. या वेळी चेहरे फुलले नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते. मुख्याध्यापकांनी चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. डॉक्टरने दोन्ही डोळे घट्ट मिटले होते आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. चिठ्ठी त्याने सगळ्यात शेवटी दिली.

चार आणि चार.

"मी खरं सांगू?" मुख्याध्यापक म्हणाले. "मी मनातल्या मनात नाणं उडवलं."

पडदा उघडला. डॉक्टरने लिहिलेलं मशीन कुठलं ते बोग्लार्काने मोठ्याने सांगितलं नाही, नुसती चिठ्ठी त्याच्या हातात परत दिली. त्याने चिठ्ठी पाहिली, समोरच्या पत्र्याच्या पोच्याकडे पाहिलं, आणि चिठ्ठीची घडी करून खिशात टाकली.

"पाच ठरले होते," तो म्हणाला. जिंकल्याचा आनंद त्याच्या आवाजात नव्हता, पण शब्दाला तो धरून होता. "चार झाले. म्हणजे, काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण तसंही ज्याची बटणं सैल पडतात असं मशीन इथे ठेवून..."

"सैल नाही!"

वेन्सेल उठला होता. त्याची खुर्ची मागे पडली.

"सैल नाही ते बटण! मी फिरवलं. या हाताने. पडद्यामागे बसून, जाणूनबुजून. मला काय म्हणायचं ते म्हणा, लबाड म्हणा, चोर म्हणा, उद्यापासून दुकानात माझ्याशी बोलू नका. पण ते बटण मी बसवलंय, डॉक्टर. तेहतीस वर्षांत ते स्वतःहून केसभर हललेलं नाही. माझ्या बटणाला सैल म्हणायचं काम नाही!"

डॉक्टर पुढे गेला आणि त्याने मागचं छोटं बटण दोन बोटांत धरलं. ते सहज फिरेना. जरा जोर लावला तेव्हा लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं, आणि सोडलं तिथेच थांबलं. त्याने पुन्हा फिरवून पाहिलं. मग स्वतःच्या चांदीच्या मशिनचं फिरवून पाहिलं. मग पुन्हा जुन्याचं.

"खरंच नाही," तो म्हणाला.

"मग!" वेन्सेलने मनगटाने नाक पुसलं आणि पडलेली खुर्ची उभी केली.

पिरोश्काने आपल्या शेजारची खुर्ची रिकामी केली, पिशवी खाली ठेवून. वेन्सेल येऊन तिथे बसला.

"काकू," डॉक्टरने विचारलं, "तुम्हाला मीटरशिवाय केव्हा कळलं?"

"पहिल्या काठीला."

"पहिल्या... आणि सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तुम्ही गप्प राहिला असता तर? आम्हाला कुणाला कळलं नसतं. जिंकला होतात तुम्ही!"

"मी कुठे? ते एक दशांश व्होल्ट जिंकलं होतं." तिने मान ताठ केली. "आणि आता काय हरलोय? ज्याच्या किमतीत घर येतं, त्याच्या शेजारी आमचं ठेवलं, आणि आठ माणसांना फरक सांगता आला नाही. आमच्या पोरींनी घरी पोरंबाळं टाकून, तीन पाळ्यांत बनवलेलं मशीन आहे ते. मला खोट्या मतांची गरज नाही, डॉक्टर."

डॉक्टर आपल्या मशिनपुढे जाऊन उभा राहिला. वरचा चकचकीत भाग त्याने रुमालाने पुसला, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. तीन वर्षं पैसे जमवून आणलेलं मशीन होतं ते. ते उत्तम आहे हे त्याला विकणाऱ्याने सांगितलं होतं, मासिकाने सांगितलं होतं, आणि आजवर त्याने ते सगळ्यांना सांगितलं होतं.

"माझं एकदा ऐकाल का?" तो हळू म्हणाला. "तुलना नको. नुसतं. पट्ट्यावरून आलेलं ऐकायचात तसं."

पिरोश्काने त्याच्याकडे निरखून पाहिलं. तो थट्टा करत नव्हता. तिने हेडफोन मागून घेतले, खुर्ची भिंतीकडे तोंड करून वळवली आणि बसली. पाऊण तास. पूर्ण सीडी, मग तिच्या तपासणीच्या सीडीवरचे उंच सूर, खालचे सूर, डावा कान, उजवा कान. मधेच एकदा तिने हात वर केला, तेव्हा मागे पोगाचाची खारी बिस्किटं खाणाऱ्यांचे जबडेसुद्धा थांबले. मग तिने हात खाली घेतला आणि ऐकणं सुरू ठेवलं. डॉक्टर दाराशी उभा होता, स्वतःच्याच दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या माणसासारखा.

तिने हेडफोन काढले.

"पास."

डॉक्टरने श्वास सोडला. मग त्याला राहवलं नाही. "म्हणजे किती चांगलं? उत्तम? अतिउत्तम?"

"पास म्हणजे पास. त्याच्या वरचा शिक्का आमच्याकडे नव्हता."

"शिक्का," डॉक्टर म्हणाला. त्याची नजर तिच्या पिशवीतून डोकावणाऱ्या जॅमच्या बाटलीवर गेली होती. "तो आत्ता आहे तुमच्याकडे?"

पिशवीत कप्पा होता, कप्प्यात डबी, डबीत शिक्का आणि शाईची गादी. तिने ते सगळं टेबलावर मांडलं. डॉक्टरने मशिनच्या चकचकीत कपाळाकडे बोट दाखवलं.

"इथे मारा. मधोमध."

"छे! बाहेर कसला मारायचा? शिक्का आत असतो. विकत घेणाऱ्याला दाखवायचा नसतो तो. पुढे कधी कुणी कारागीर झाकण उघडेल, त्याला कळायला हवं, हे कुणी ऐकलं होतं."

वेन्सेल उठला. त्याच्या वरच्या खिशात पेचकस होताच. तो तिथे नसता तरच नवल. त्याने मशीन हळूच आडवं केलं आणि पहिल्या स्क्रूवर थांबला. स्क्रूवर एक छोटा कागद चिकटवलेला होता. बोग्लार्काने वाकून वाचलं.

"डॉक्टर, इथे लिहिलंय, हा कागद फाटला तर वॉरंटी संपली. अजून चार वर्षं आहेत तुमची!"

वेन्सेलने पेचकस मागे घेतला आणि डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टरने कागदाकडे पाहिलं. मग नखाने, दातावरचं किटण काढावं तसा, त्याने तो कागद स्वतःच खरवडून काढला.

"उघड," तो म्हणाला.

आठ स्क्रू निघाले. झाकण निघालं. वेन्सेलने शेजारच्या जुन्या मशिनचंही झाकण उघडलं, शिक्का नेमका कुठे मारायचा ते दाखवायला. करड्या पत्र्याच्या आत डाव्या कोपऱ्यात तो होता. शाई फिकी झाली होती, पण आकडा वाचता येत होता. पिरोश्काने शिक्का गादीवर दाबला, एकदा फुंकर घातली, आणि चांदीच्या मशिनच्या आत त्याच कोपऱ्यात, सरळ, अजिबात न हलवता मारला.

सगळे वाकून बघत होते. शाई वाळेपर्यंत झाकण लावायचं नाही, असं पिरोश्काने बजावलं होतं.

भवनाचा शिपाई तेवढ्यात ढकलगाडी घेऊन दारात आला. सकाळपासून काय घडलं याचा त्याला पत्ता नव्हता. त्याने एकावेळी दोन उघडी मशिनं पाहिली, भोवती वाकलेली माणसं पाहिली, आणि वैतागून विचारलं,

"यातलं भंगारात कुठलं घालायचं तेवढं सांगा. मला जेवायला जायचंय."

पोस्टातल्या बाईने वेन्सेलकडे पाहिलं, वेन्सेलने पिरोश्काकडे. पिरोश्का आपला शिक्का पुसत होती. तिने मान वर केली नाही. पैज पाचांची होती आणि मतं चार पडली होती.

"आत चौदा नंबर नसेल ते घाल," डॉक्टर सिलार्द म्हणाला, आणि ओल्या शाईवर कुणाची बाही लागू नये म्हणून हात आडवा धरून उभा राहिला.